यमिर: ज्याच्या देहाचे जग झाले

नॉर्स पुराणकथांनुसार आरंभी गिनुंगागाप नावाची अथांग पोकळी होती. उत्तरेकडच्या निफ्लहाइमचे बर्फ आणि दक्षिणेकडच्या मुस्पेलहाइमची धग तिथे एकमेकांना भिडली. वितळत्या थेंबांतून जन्मला यमिर, सगळ्या हिमराक्षसांचा मूळपुरुष. औधुम्ला गाईच्या दुधावर तो पोसला. पुढे ओडिन, विली आणि वे या भावांनी त्याला मारले. त्याच्या मांसाची जमीन झाली, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचे आकाश आणि मेंदूचे ढग. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १३व्या शतकात ही कथा सविस्तर लिहून ठेवली. ती वाचताना पुरुषसूक्तातला विराट पुरुष आठवतोच. ‘यमिर’ आणि आपला ‘यम’ ही नावे ‘जुळा’ अशा अर्थाच्या एकाच प्राचीन शब्दातून आली, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.