दोन हातांची साक्षीदार

सोलापुरात सकाळी हाताच्या शिरेतून दोन-तीन मिली रक्त काढलं. उपाशीपोटी यायची गरज नव्हती, कारण साखर मोजायचीच नव्हती. रक्त गोठलं की वर पिवळसर सीरम सुटतं. ते थंड पेटीत घालून बहुधा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातं. तिथे शोधतात एकच गोष्ट: या शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडाविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्यात का?

प्लास्टिकच्या थाळीत ९६ खळगे असतात. त्यांच्या तळाशी जीएडी नावाचं प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यावर सीरम सोडतात. अँटीबॉडीला दोन हात. एका हाताने ती तळाचं जीएडी धरते, दुसरा मोकळा. मग खूण बांधलेलं जीएडी ओततात. मोकळा हात तेही पकडतो. उरलेलं सगळं धुऊन टाकायचं. आता रंग देणारं द्रावण घातलं की जिथे खूण अडकली, तिथे निळा रंग उमटतो आणि आम्ल पडताच पिवळा होतो. जितका गडद पिवळा, तितक्या अँटीबॉडी जास्त. शरीराच्या आत खोलवर चाललेलं भांडण असं चक्क डोळ्यांना दिसतं! मला याचं नवल अजून सरलेलं नाही.

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात त्या मुख्यतः शरीराच्याच रोगप्रतिकारक टी पेशी. अँटीबॉडी ही घडल्या प्रकाराची साक्षीदार. जीएडी तर पेशीच्या पोटात राहणारं. घरातली भांडी रस्त्यावर दिसली की आत काहीतरी बिनसलंय हे शेजाऱ्यांना कळतं, तसंच हे.

ही साक्ष पहिल्यांदा १९७४ साली लंडनमध्ये बोताझ्झो आणि डोनियाक यांच्या गटाला मिळाली. मानवी स्वादुपिंडाच्या पातळ कापावर रुग्णाचं सीरम घातलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली खसखशीच्या दाण्याहून बारीक पेशीसमूह हिरवे चमकले. पुढे इन्सुलिन, जीएडी, आयए-२ आणि २००७ मध्ये झेडएनटी-८ अशी लक्ष्यं एकेक करून ओळखू आली. शेवटचं प्रथिन इन्सुलिनच्या साठ्यात जस्त पोचवतं. जस्ताचे दोन अणू धरून इन्सुलिनचे सहा रेणू बांधले जातात. केवढी नेटकी बांधणी, आणि शरीर तिच्यावरच उलटतं.

युरोप-अमेरिकेतल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन २०१३ साली आकडे आले. दोन किंवा अधिक अँटीबॉडी असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास.

आपल्याकडे पेच वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक सांगतात तसे आपण दिसायला सडपातळ, आतून चरबी साठवणारे. त्यामुळे बावीस वर्षांच्या काटकुळ्या मुलाची साखर वाढली तर टाइप १ की टाइप २, हे नुसतं बघून ठरत नाही. इथे जीएडी अँटीबॉडीची तपासणी कामी येते. अँटीबॉडी न सापडणारे टाइप १ रुग्णही असतातच. म्हणून केईएम, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि एक्सेटर विद्यापीठाने २०२० साली पुण्याच्या रुग्णांवर जनुकांवरून टाइप १चा धोका सांगणारा गुणांक तपासला. युरोपियनांवरून बेतलेला असूनही तो इथेही उपयोगी ठरला.

आधी कळून काय करायचं? घरात एका मुलाला टाइप १ असेल तर भावंडाची तपासणी करावी, असं मला मनापासून वाटतं. मग खूप तहान, सारखी लघवी, घटतं वजन ही लक्षणं घरच्यांना वेळीच ओळखता येतात. बेशुद्ध लेकराला घेऊन सिव्हिलला धावायची वेळ सहसा येत नाही. २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालेलं टेप्लिझुमॅब हे औषध आजार सरासरी दोन वर्षं लांबवतं. आठ वर्षांच्या पोरासाठी दोन वर्षं म्हणजे सिद्धेश्वराच्या दोन गड्डा यात्रा, इन्सुलिनच्या सुईशिवायच्या.