टाकलेल्या घोड्याला घर

आपल्या मालवण किनाऱ्याला घोडा तसा पाहुणाच. आपली घरची जनावरे म्हणजे गाय, बैल, म्हैस, रेडा आणि बकरी. पूर्वी घाटावरून धान्य यायचे, तेही लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. इथे पाऊस भरपूर पडतो. चार महिने सगळीकडे चिखल. घोड्याला मानवते कोरडी जमीन आणि मोकळे माळरान. म्हणून भीमा नदीच्या काठची भीमथडी तट्टे नावाजली. घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तोही आपल्याकडे नाही. तो भरतो दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यात, सारंगखेड्याला.

पण आता किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले. त्यांच्या मुलांना वाळूवर फेरी मारून आणायला कुणी घोडाही घेऊन येतो. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत चार पैसे मिळतात. मृगाचा पाऊस पडला की पर्यटक जातात, धंदा बंद होतो. घोड्याचे पोट मात्र बंद होत नाही. मग काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. तेच इथे सांगतो.

सुरूच्या बनातला घोडा

आम्ही शाळेतून निवृत्त झालो, तरी सकाळी किनाऱ्यावर एक फेरी मारण्याची सवय आहे. एका जूनमध्ये पहिला पाऊस होऊन गेला होता. सुरूच्या बनात एक पांढरा घोडा उभा दिसला. गळ्यात तुटके दावे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. पाठीवर खोगिराने घासून झालेली जखम, तिच्यावर माश्या. खूर वाढून पुढे वाकलेले.

जवळच एक रापणकार होता. तो म्हणाला, "मास्तरांनू, दोन दिस झाले, हो घोडो हयच आसा. तेचो मालक गेलो. तो काय परत येवचो नाय."

वाडीतली माणसे मायाळू. कुणी भाताची पेज आणली, कुणी शिळा भात, कुणी टोपलीभर कोंडा. आम्हीही घरून भिजवलेले चणे आणले. घोड्याला चणे आवडतात, एवढेच आम्हाला ठाऊक होते. उपाशी जनावराने सगळे अधाशासारखे खाल्ले. संध्याकाळी तो जमिनीवर लोळू लागला. पुन्हा पुन्हा मान वळवून पोटाकडे बघे. अंगाला घाम फुटला.

सरकारी दवाखान्यातले पशुवैद्य रात्री आले. त्यांनी नाकातून नळी घातली, सुई टोचली, आणि आम्हाला चांगलेच सुनावले. ते म्हणाले, "मास्तर, घोड्याला ओकता येत नाही. एकदा पोटात गेलेलं वर येत नाही. उपाशी घोड्याला एकदम दाणा घालणं म्हणजे त्याला मारणंच."

जन्मभर मुलांना शिकवले, आणि त्या रात्री आम्ही स्वतः शिकलो. नुसती माया पुरत नाही, माहितीही लागते. घोडा वाचला, पण थोडक्यात.

उपाशी घोड्याला काय द्यावे?

आधी स्वच्छ पाणी द्यावे. मग सुके गवत. तेही थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा. दाणा, भात, कोंडा, पोळी यांतले काही पहिल्या दिवसांत देऊ नये. पोट पुन्हा कामाला लागायला आठ-दहा दिवस लागतात. पुढे पशुवैद्य सांगतील तसा चारा वाढवावा.

निरोगी घोड्याला त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के सुका चारा रोज लागतो. म्हणजे २५० किलोच्या तट्टाला ५ किलो. पाणी २५ ते ३० लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक. खुराला महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ होते. म्हणून दीड-दोन महिन्यांनी नालबंदाकडून खूर कापून घ्यावे लागतात. जखमेतून धनुर्वात होण्याची भीती घोड्याला फार, म्हणून ती सुई टोचून घ्यावी. रोज खरारा करावा आणि रोज फिरवावे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, हा उखाणा तुम्ही ऐकला असेल. उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! आजीच्या उखाण्यात पशुवैद्यक असते ते असे.

आणखी एक गोष्ट. घोड्याला ग्लँडर्स नावाचा रोग होतो. नाकातून घट्ट शेंबूड येतो, अंगावर गाठी उठून फुटतात. हा रोग माणसालाही लागतो. त्यावर लस नाही. म्हणून अनोळखी घोडा आला की आपल्या जनावरांपासून दूर बांधावा, हात साबणाने धुवावे आणि पशुवैद्यांकडून रक्त तपासून घ्यावे. आमच्या घोड्याचे रक्त तपासले. रोग नव्हता.

मालक कोण?

सापडलेले जनावर लगेच आपले होत नाही. ते कुणाचे तरी असते. म्हणून आम्ही पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवले. कागदावर तारीख, जागा, रंग, खुणा आणि जखमा लिहिल्या. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. वाडीतल्या एका मुलाने फोटो काढले. पुढे काही तंटा झाला तर हा कागद उपयोगी पडतो. वाचक बंधुभगिनींनो, लिहिता येण्याचा फायदा तो हाच.

काही जण म्हणाले, "कोंडवाड्यात घाला." पण कोंडवाड्यातले बेवारशी जनावर मुदत संपली की लिलावात जाते. जो जास्त बोली करील त्याचे ते. तो त्याला खायला घालील की मरेपर्यंत ओढील, हे बोलीवरून कळत नाही.

तिसऱ्या दिवशी मालकाचा पत्ता लागला. आम्ही फोन केला. मनात राग होता. कायद्याची कलमेही वाचून ठेवली होती. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. जनावराला पुरेसे अन्नपाणी न देणे आणि योग्य कारणावाचून त्याला उपाशी मरायला सोडून देणे, हे दोन्ही त्यात गुन्हे आहेत. पण कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठरला तो १० ते ५० रुपये. घोड्याचा एका दिवसाचा चारा आज त्यात येत नाही.

फोनवर तो माणूस रडू लागला. घोडा कर्ज काढून घेतलेला. हंगामात मुलगा आजारी पडला, पैसे दवाखान्यात गेले. घोडा परत न्यायला टेम्पोचे भाडे नव्हते. तो म्हणाला, "गुरुजी, मी त्याला विकला नाही. विकला असता तर कुठं गेला असता ते मला ठाऊक आहे. गवत आहे, पाणी आहे, लोक चांगले आहेत, म्हणून तिथं सोडला."

त्याने केले ते चूकच. पण तो राक्षस नव्हता. घोडा आम्हाला दिला, असे त्याने कागदावर लिहून सही करून पाठवले. हा कागद फार महत्त्वाचा. तो नसता तर पुढे घोडा कुणाला देता आला नसता.

घर शोधताना झालेली आमची चूक

घोडा फुकट आहे म्हटल्यावर मागणारे पुष्कळ आले. एकाला वरातीसाठी पाहिजे होता. एकाला पुढच्या हंगामात पुन्हा फेऱ्या मारायला. आम्ही दोघांना नाही म्हटले. वाडीतलाच एक ओळखीचा गृहस्थ आला. मुलांना आनंद होईल, म्हणाला. माणूस सज्जन. आम्ही काही न विचारता घोडा दिला.

पंधरा दिवसांनी पाहायला गेलो. घोडा घरामागे चिखलात बांधलेला. वर छप्पर नाही. खुराच्या तळव्याला कुजल्याचा वास. मुले दोन दिवस खेळली, मग कंटाळली. तो गृहस्थही खजील झाला. त्याची चूक थोडी, आमची जास्त. माणूस चांगला आहे की नाही एवढेच आम्ही पाहिले. जागा कशी आहे हे पाहिलेच नाही.

घोडा आम्ही परत आणला. एका शेजाऱ्याचा मांगर कोरडा होता, तिथे ठेवला. रोज खूर धुऊन, पुसून, औषध लावले. मग कागदावर प्रश्न लिहून काढले:

जागा कोरडी आहे का? वर छप्पर आहे का?
वर्षभराचा चारा कुठून आणणार?
नालबंद आणि पशुवैद्य किती दूर?
घरात घोडा सांभाळलेला कुणी आहे का?
सोबत दुसरे जनावर आहे का? घोडा कळपात राहणारा. एकटा तो झुरतो.
कामाला लावणार का? किती?
आणि घोडा म्हातारा झाल्यावर काय करणार?

शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ जण गप्प झाले. घोडा २५-३० वर्षे जगतो. आमचा घोडा दात पाहून पंधरा-सोळाचा ठरला. म्हणजे आणखी दहा वर्षांची जबाबदारी.

अखेर घाटमाथ्यावरचा एक शेतकरी पुढे आला. त्याच्याकडे एक म्हातारी घोडी होती, विहीर होती, गवताच्या गंजी होत्या. आम्ही स्वतः जाऊन गोठा पाहिला. मग चिठ्ठी केली. घोडा विकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. नाही सांभाळता आला तर आम्हालाच परत. आम्ही केव्हाही पाहायला येऊ. त्याने वाचून सही केली.

मोठ्या गावांतही हाच प्रश्न

मुंबईत १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ काढली. टाकलेल्या जनावरांना आसरा मिळावा, हा हेतू. त्याच मुंबईत व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाड्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. पुढे घोड्यांचे हाल पाहून तक्रारी झाल्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने, हौसेखातर चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि बंद करायला एक वर्षाची मुदत दिली. त्याबरोबर गाडीवाल्यांची आणि घोड्यांची सोय लावण्याची योजना करा, असेही सरकारला सांगितले. २०२१ साली तशाच दिसणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत आल्या. यातून शिकायचे ते हे, की काम बंद करताना माणूस आणि जनावर दोघांचा विचार आधी करायचा. नाहीतर ते वरातीमागून घोडे.

परदेशातली एक गोष्ट सांगतो. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. इंग्रजी फौजेने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाची बाई कैरो शहरात आली. लढाईतले तेच घोडे म्हातारे होऊन, हाडांचे सापळे होऊन गाड्या ओढताना तिने पाहिले. १९३१ साली तिने विलायतेतल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. लोकांनी पैसे पाठवले. तीन वर्षांत तिने सुमारे ५००० घोडे विकत घेतले. बहुतेक इतके थकलेले होते, की काही दिवस चारा-पाणी आणि विसावा देऊन त्यांना वेदना न होता मरण द्यावे लागले. १९३४ साली तिने कैरोला गरिबांच्या घोडे-गाढवांसाठी फुकट दवाखाना काढला. हाल थांबवायचे तर मालकालाही मदत केली पाहिजे, हे तिला कळले होते.

प्रत्येक घोड्याला घर मिळत नाही. फार आजारी जनावराला शांत मरण देणे हीसुद्धा दयाच. पण तो निर्णय पशुवैद्यांचा. आपला नव्हे.

आपण काय करावे?

घोडेवाल्याला हंगामातच विचारावे, "पावसाळ्यात घोडा कुठं ठेवणार?" दर आठवड्याला चाऱ्यासाठी आणि टेम्पोसाठी थोडे पैसे बाजूला टाकायला सांगावे. पाय लंगडणाऱ्या किंवा पाठीवर जखम असलेल्या घोड्यावर मुलांना बसवू नये. १९६५ सालच्या नियमांप्रमाणे कामाच्या जनावराकडून दिवसात ९ तासांहून अधिक आणि सलग ५ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही. उष्मा ३७ अंशांवर गेला की दुपारी १२ ते ३ काम बंद. हे घोडेवाल्याला वाचून दाखवावे. आजारी जनावर दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा.

दिवाळीनंतर आम्ही घाटावर जाऊन आलो. घोडा भरला आहे. पुढचा डावा पाय मात्र अजून थोडा उचलून टाकतो. तो पुरता बरा होणार नाही, असे पशुवैद्य म्हणतात. त्याच्यावर कुणी बसत नाही. घोडीच्या मागे मागे माळावर फिरतो. आम्ही हाक मारली, तेव्हा त्याने कान टवकारले, एकदा पाहिले आणि पुन्हा चरू लागला.

त्याच्या जुन्या मालकालाही आम्ही पत्राने खुशाली कळवली. त्याचे उत्तर आले. चारच ओळी, वेड्यावाकड्या अक्षरांत, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या. पुढल्या खेपेला घोडा बघायला मलाही घेऊन चला, असे त्यात होते.