मुंबई परिसरातील क्राफ्ट बिअर

क्राफ्ट बिअर म्हणजे लहान प्रमाणावर, स्वतंत्र मालकीच्या कारखान्यात, मुख्यतः चवीतील वेगळेपण राखण्यासाठी तयार केलेली बिअर होय. अशा कारखान्यास मायक्रोब्रुअरी म्हणतात. तेथेच बसून खाण्यापिण्याची सोय असल्यास त्यास ब्रूपब असे नाव आहे. बिअरसाठी मराठी परिभाषेत ‘यवसुरा’ हा शब्द सुचविला गेला, तो नेमका असूनही रूढ झाला नाही. मुंबई आणि पुणे परिसरात क्राफ्ट बिअरचा प्रसार २००९ नंतर झाला. या चळवळीची प्रेरणा प्रामुख्याने अमेरिकेतील, तर तंत्र बऱ्याच अंशी जर्मन आहे.

== निर्मिती ==

बिअरचे मूळ घटक चार आहेत: पाणी, मोड आणून वाळविलेले सातू (माल्ट), हॉप नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट. सातूला मोड आले की दाण्यात विकरे तयार होतात. मटकीला मोड आणताना घडते तीच ही क्रिया होय. भरडलेला माल्ट गरम पाण्यात ठेवला असता ही विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. हा गोड काढा गाळून हॉपसह उकळतात. हॉपमुळे कडवटपणा व सुगंध येतो आणि पेय लवकर नासत नाही. काढा थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळतात, तेव्हा साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दह्याला विरजण जसे हवे तसेच लागते, आणि नको ते जंतू शिरले तर सगळाच घाणा वाया जातो, म्हणून या कामात निम्मे श्रम स्वच्छतेवर खर्च होतात.

यीस्टच्या जातीवरून बिअरचे दोन मोठे वर्ग पडतात. एल प्रकारचे किण्वन सुमारे १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानास होते आणि बिअर दोन-तीन आठवड्यांत पिण्यायोग्य होते. लागर प्रकारास अधिक थंडावा आणि कित्येक आठवड्यांची साठवण लागते. टाक्या मोजक्याच असलेल्या लहान कारखान्याला त्या लवकर मोकळ्या होणे परवडते. त्यामुळे मायक्रोब्रुअरीत एलचा भरणा अधिक दिसतो. मोठ्या कंपन्यांची बाटलीबंद बिअर बहुधा लागर असते. तीत तांदूळ, मका किंवा साखर घालून चव हलकी व खर्च कमी केला जातो. मायक्रोब्रुअरीतील बिअर सामान्यतः पाश्चरीकरण न करता ताजीच विकली जाते. तिचे सारे आकर्षण या ताजेपणात आहे, आणि तिची व्यापारी अडचणही त्यातच आहे.

== अमेरिकन पार्श्वभूमी ==

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात राष्ट्रव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यानंतर बाजार हळूहळू मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती गेला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस देशात शंभराहून कमी बिअर कंपन्या उरल्या. सर्वांच्या बिअरची चव जवळजवळ सारखीच होती.

या एकसुरीपणाविरुद्धची पहिली ठळक घटना १९६५ मधील आहे. फ्रिट्झ मेटॅग यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी विकत घेऊन तिचे पुनरुज्जीवन केले. १९७६ मध्ये जॅक मॅकऑलिफ यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे न्यू अल्बियन ही मायक्रोब्रुअरी सुरू केली. ती काही वर्षांतच बंद पडली, पण तिचे अनुकरण होत राहिले. १९८० मध्ये चिको येथे सुरू झालेल्या सिएरा नेव्हाडाने कॅस्केड या अमेरिकन हॉपचा लिंबूवर्गीय फळांसारखा गंध आपल्या पेल एलमधून लोकप्रिय केला. अमेरिकन बिअरची ओळख पुढे त्याच गंधावरून होऊ लागली.

तथापि या इतिहासातील निर्णायक बदल कारखान्यात नव्हे, तर कायद्यात झाला. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरनिर्मितीला संघीय पातळीवर मुभा देणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. त्यानुसार प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर स्वतःसाठी करता येते. पुढील काळातील अनेक व्यावसायिक असे स्वयंपाकघरात शिकूनच तयार झाले. आज अमेरिकेत ९,००० हून अधिक ब्रुअरी आहेत.

अमेरिकन रसिकांची आवडती ‘इंडिया पेल एल’ नावानेच हिंदुस्थानची आठवण देते. कंपनी सरकारच्या काळात लंडनहून येथील गोऱ्यांसाठी भरपूर हॉप घातलेली बिअर जहाजाने येत असे. मात्र ती खास हिंदुस्थानसाठी कोणी एकाने शोधून काढली, ही लोकप्रिय कथा इतिहासकारांना मान्य नाही.

== महाराष्ट्रातील कायदा ==

मुंबई राज्यातही १९५० च्या सुमारास पूर्ण दारूबंदी होती. ती पुढे सैल झाली, पण १९४९ चा दारूबंदी कायदाच आजही राज्यातील मद्यव्यवहाराचे नियमन करतो. मद्यपानासाठी वैयक्तिक परवाना लागतो. बिअरसाठी वयोमर्यादा २१ वर्षे, तर तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे. रस्तोरस्ती दिसणारी ‘परमिट रूम’ ही पाटी या परवान्याचीच खूण आहे. बंदी गेली तरी तिची भाषा उरली, याचे हे चांगले उदाहरण होय.

अमेरिकेत जी वाट घरातून सुरू झाली ती येथे बंद आहे, कारण परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. या कठोरतेमागे भीषण अनुभव आहेत. घाटकोपरला लागून असलेल्या विक्रोळीत २००४ मध्ये आणि मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. मालवणीत ही संख्या शंभराहून अधिक होती. असे मृत्यू मिथेनॉलमुळे होतात. बिअर ऊर्ध्वपातनाने बनत नाही आणि तिच्या किण्वनात घातक प्रमाणात मिथेनॉल निर्माण होत नाही. कायदा मात्र परवान्याच्या प्रश्नात हा भेद करीत नाही. त्यामुळे येथे या व्यवसायात शिरण्यासाठी हौसेपेक्षा भांडवल आधी लागते, आणि क्राफ्ट बिअरचा पेला महाग असण्याचे एक कारण हेही आहे.

== पुणे ते मुंबई ==

राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी ‘डूलाली’ २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. सुकेतू तळेकर व प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक असून जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ यांनी बिअरची बाजू सांभाळली. हे नाव परकीय वाटले तरी मूळचे नाशिक जिल्ह्यातील देवळालीचे आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत खोळंबलेल्या गोऱ्या सैनिकांना वेड लागे, अशी समजूत होती. त्यावरून ‘डूलाली टॅप’ हा वेडसरपणासाठीचा इंग्रजी वाक्प्रचार रूढ झाला. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. बिअरच्या तोटीला इंग्रजीत टॅपच म्हणतात, हा योगायोग नाव ठेवणाऱ्यांच्या पथ्यावर पडला.

मुंबईतील पहिला ब्रूपब ‘द बार्किंग डिअर’ २०१३ मध्ये लोअर परळच्या गिरणीच्या आवारात सुरू झाला. त्याचे संस्थापक ग्रेगरी क्रॉइट्श हे अमेरिकेतील व्हरमाँटचे. २०१४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून ‘गेटवे’ने पिंपांतून शहरातील बारना बिअर पुरविण्यास आरंभ केला. डूलालीने २०१५ मध्ये अंधेरीत टॅपरूम उघडली.

घाटकोपरसारख्या उपनगरात बिअर म्हणजे परमिट रूममधील थंडगार बाटली आणि सोबत खारे शेंगदाणे, हे समीकरण जुने आहे. जून २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्याने मध्य रेल्वेकाठच्या लोकांना अंधेरी पश्चिम सहज गाठता येऊ लागली. ज्या करमणुकीत परतताना स्वतः वाहन चालविणे वर्ज्य आहे, तिच्या बाबतीत ही सोय किरकोळ मानता येत नाही. नवख्या ग्राहकास कडवट अमेरिकन एलपेक्षा केळे व लवंगेचा वास असलेली गव्हाची जर्मन बिअर, हेफेवाइझेन, लवकर रुचते.

== साहित्य, पाणी आणि टिकाऊपणा ==

हॉप बहुतांशी अमेरिका व जर्मनीतून येतात. चवीचे स्थानिकीकरण त्यामुळे इतर घटकांतून झाले. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकमाचा वापर करून आंबट बिअर केली. पाण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. एक लिटर बिअरमागे धुण्या-थंड करण्यासह कित्येक लिटर पाणी लागते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथील मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात केली होती. लहान कारखान्यांचा एकूण वापर थोडा असला तरी दर लिटरमागे तो मोठ्यांपेक्षा सहसा जास्तच असतो.

ताजेपणाची दुसरी बाजू २०२० च्या टाळेबंदीत दिसली. बार बंद राहिले, पाश्चरीकरण न केलेली बिअर टाक्यांतच खराब झाली आणि अनेक ठिकाणी ती गटारात ओतावी लागली. त्याच वर्षी राज्य शासनाने ताजी बिअर ग्राउलर नावाच्या झाकणबंद भांड्यातून घरी नेण्यास परवानगी दिली.