घाटावरचा मुलूख आणि त्याच्या पोटात काय आहे

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे बोलण्यात दोन भाग आहेत. एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. सोयरीक जुळवतानासुद्धा आपण विचारतो, "पाव्हणे घाटावरचे का घाटाखालचे?" हा घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराची कड. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावं कडेच्या खाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही वर.

घराचं आढं तुम्ही पाहिलंच आहे. आढ्यावर पाऊस पडला की अर्धं पाणी पुढच्या अंगणात उतरतं, अर्धं मागच्या परसात. आपला घाट तसाच आहे. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या घाट उतरून उत्तरेला पूर्णेकडे जातात. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ पश्चिमेच्या समुद्रात जाते. पैनगंगा मात्र बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगवते आणि उलट्या दिशेला निघते. मेहकरावरून ती पूर्वेला जाते, पुढे वर्धा नदीला मिळते. मग प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवटी पूर्वेचा समुद्र. एकाच ढगातले दोन थेंब. एक सुरतेला गेला, एक आंध्रात गेला. शेजारच्या शेताचा धुरा तुम्ही ओलांडता ना, तसाच हा पाण्याचा धुरा समजा.

या घाटावरच्या जमिनीखाली काळा दगड आहे. फार फार पूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला आणि थरावर थर निवत गेला. त्याचा हा दगड. विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो यालाच.

या दगडात लोणारला एक मोठा खड्डा आहे. तोंड सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. खोली काठापासून पाण्यापर्यंत 130 मीटरच्या वर. म्हणजे चाळीस मजल्यांची इमारत आत उभी केली तरी तिचं टोक काठाच्या फार वर यायचं नाही. हा खड्डा कोणी खणला? जुनी माणसं लवणासुराची कथा सांगतात. विष्णूनं त्या दैत्याला मारलं, त्याचं हे घर. गावातलं दैत्यसूदनाचं सुरेख देऊळ त्याच कथेवर उभं आहे. शास्त्रज्ञ म्हणतात की आकाशातून एक प्रचंड दगड, म्हणजे उल्का, येऊन आदळली. ओल्या चिखलात गोटा जोरानं मारा. खळगा पडतो आणि कडेचा चिखल वर उठतो. लोणारचा काठ भोवतालच्या शिवारापेक्षा असाच सुमारे 20 मीटर उठलेला आहे. आधी पुष्कळ जण याला ज्वालामुखीचं तोंड समजत. शास्त्रज्ञांनी भोकं पाडून आतले दगड तपासले. फार मोठ्या दणक्यानंच होते अशी काच त्यांत सापडली. 1973 साली हे छापून आलं आणि वाद बहुतेक मिटला. चंद्रावर असेच काळे दगड आणि असेच खड्डे आहेत. म्हणून परदेशातले विद्वान सुद्धा लोणारला येतात.

तळ्याचं पाणी खारं का? काठावरच्या धारेचं पाणी तर गोड आहे. त्याचं असं की पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवून नेतं, खार मागं राहतो. हजारो वर्षं हेच चाललं आहे. अकबर बादशहाच्या काळातल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात लिहिलं आहे की काच आणि साबण करायला लागणारं सामान इथं मिळतं. 2020 सालच्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी झालं आणि लोक घाबरले. पाणी आटून खार वाढला होता. अशा खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी रामसर नावाच्या करारात जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत लोणारचं नाव लागलं. गावाचं सांडपाणी आत गेलं तर हे पाणी बदलतं आणि त्यातले जीव जातात. एवढी गोष्ट लोणारकरांनी ध्यानात ठेवावी.

लोणारच्या उत्तरेला मेहकर. तिथं पैनगंगेच्या काठी 1888 साली जमिनीतून शारंगधर बालाजीची मूर्ती निघाली. काळ्या दगडाची, माणसाच्या दुप्पट उंचीची. तिथले लोक सांगतात की इंग्रज ती घेऊन जातील या भीतीनं गावानं घाईघाईनं तिची स्थापना केली. नेली असती तर आज ती बघायला आगबोटीचं नाही तर विमानाचं भाडं मोजावं लागलं असतं.

सिंदखेड राजा तर सगळ्यांना माहीत आहे. लखुजी जाधवांचा वाडा, आणि 12 जानेवारी 1598 ला जिजाऊंचा जन्म. दरवर्षी त्या तारखेला लाखो माणसं येतात. पण वाडा बघून बहुतेक परत जातात. मोती तलावाचा बांध पाहायचा राहून जातो. काळ्या दगडाची ती भिंत किल्ल्याच्या तटासारखी आहे. ज्या मुलखात पाऊस आला तर आला, तिथं पाणी अडवणारा राजा खरा शहाणा, असं माझं मत आहे. लखुजींना 1629 साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहानं दग्यानं मारलं. त्यांच्याबरोबर दोन मुलं आणि एक नातूही गेला. त्यांची समाधी सिंदखेडलाच आहे.

2024 साली या समाधीची दुरुस्ती चालू होती. खोदताना दगडांची रांग लागली. बघतात तो शंकराच्या जुन्या देवळाचा पाया! आणखी खाली, सुमारे सात फुटांवर, शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी साडेपाच फूट. विष्णू निजलेले, लक्ष्मी पाय चेपते आहे. मूर्तीचा दगड मऊ जातीचा, आपल्याकडच्या काळ्या दगडाचा नव्हे. दक्षिणेत अशा दगडाच्या मूर्ती घडवीत. इतका भार गाडीवाटेनं इथवर कसा आणला असेल, विचार करा.

सिंदखेडला खोदणारे सरकारी खात्याचे जाणते लोक होते. फावड्यानं, मग ब्रशानं माती काढली. पण नांगराला किंवा विहिरीच्या कुदळीला असा दगड लागला तर? पुष्कळदा तो गोठ्याच्या पायात जातो, नाही तर रातोरात विकला जातो. मग त्या देवळाचा माग कायमचा पुसला. 1878 सालचा एक कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर तो गुन्हा होतो.

म्हणून असं काही लागलं तर खोदणं थांबवा. मूर्ती हलवू नका, घासून धुऊ नका. तलाठ्याला सांगा. नुसतं तोंडी सांगू नका, कागदावर द्या. गावाचं नाव, शेताचा गट नंबर, कोणत्या तारखेला सापडलं, किती खोल सापडलं, बरोबर आणखी काय होतं, एवढं लिहा. एक नक्कल जवळ ठेवा आणि तिच्यावर पोच म्हणून सही घ्या.