तिकिटावरची वेळ आणि विमानातले तास

गेल्या जानेवारीत आमच्या चाळीतला एक मुलगा शिक्षणासाठी न्यूयॉर्कला निघाला. अर्धी चाळ त्याला सहार विमानतळावर पोहोचवायला गेली होती. तिकिटावर लिहिले होते : मुंबईहून रात्री २ वाजता सुटणार, त्याच दिवशी सकाळी ७.३० ला न्यूयॉर्कला उतरणार. त्याच्या आईने हिशेब केला, साडेपाच तासांचा प्रवास. सकाळी आठपासून माउली फोन हातात घेऊन बसली. दुपार झाली तरी फोन नाही. तिने अन्नाला हात लावला नाही. शेवटी आम्हाला बोलावणे आले. तिकीट पाहून आम्ही म्हणालो, "वहिनी, घाबरू नका. विमान अजून आकाशातच आहे. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतील तेव्हा ते उतरेल."

वाचकहो, चूक वहिनींची नव्हती. तिकिटावर प्रत्येक शहराची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे छापतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते साडेनऊ तास मागे असते. म्हणून दिसणाऱ्या साडेपाच तासांत साडेदहा मिळवायचे. प्रवास झाला सोळा तासांचा.

येताना उलटे. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला मुंबईत उतरते असे समजा. दिसतात साडेचोवीस तास. त्यातून साडेदहा वजा केले की उरतात चौदा.

मग जाताना सोळा आणि येताना चौदा, असे का? अंतर तर तेच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी साधारण ९०० किलोमीटर धरला तर चौदा तास पुरावेत. पण विमान उडते त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर जास्तच. जाताना हा वारा समोरून अडवतो, येताना पाठीमागून ढकलतो. शिवाय एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले तर वळसा पडतो. २०१९ साली पाकिस्तानने तसे केले, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा प्रवास लांबला होता.

थेट विमान नसेल तर मधल्या विमानतळावरचे थांबण्याचे तासही धरावे लागतात. उतरल्यावर कागदपत्रांची तपासणी आणि सामान घेणे यात तास-दोन तास सहज जातात. मधुमेहासारख्या आजाराची औषधे घेणाऱ्यांनी कोणती गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारावे. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

त्या दिवशी पावणेआठला फोन वाजला. मुलाचा पहिला प्रश्न होता, "आई, जेवलीस का?"

आपल्या घरचे लेकरू परदेशी निघाले, तर तिकीट हाती येईल त्याच दिवशी हा हिशेब कागदावर मांडा आणि आईच्या हाती द्या. एका माउलीचा एक दिवस तरी उपाशी जाणार नाही.