वस्तीच्या अंगणातील बालशिक्षण
मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीत मूल साधने हाताळत इंद्रियानुभवातून स्वतः शिकते आणि शिक्षिका मुख्यतः निरीक्षण करते; मात्र ती महागडी साधने खेड्यांना परवडणारी नव्हती. म्हणूनच १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करताना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी सहकारी अनुताई वाघ यांच्या साथीने शिंपले, बिया, खडे, पाने यांनाच साधनांचे स्थान दिले आणि बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या वस्तीतच अंगणवाडी भरवली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हेही तेथे शिक्षणच मानले जाई, आणि या कार्याचे खरे मोठेपण याच दृष्टीत आहे. पुढे हे काम कोसबाडला गेल्यावर तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा, म्हणजे चराईच्या रानातच भरणारी शाळा, आकाराला आली.