उन्हाळ्यात कम्प्युटर अडकतोय, बंद पडतोय? नवा घेण्याआधी हे तपासा



घरून धंदा सुरू केलाय, बिलिंग आणि टॅली एकाच जुन्या डेस्कटॉपवर चालतं. महिन्याच्या 20 तारखेला जीएसटीआर-3बी भरायचा आहे आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन गोठते. रिटर्न एक दिवस चुकला तरी लेट फी सुरू होते. कर देणं असेल तर दिवसाला 50 रुपये. मग घाईघाईत माणूस दुकानात जातो आणि भांडवलातले पैसे नव्या मशीनवर घालून येतो. बरेचदा त्याची गरजच नसते.

मे 2024 च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान 56 अंश दाखवलं होतं, आठवतं? देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. आपल्यालाही तेच शिकायचं आहे. लक्षण दिसलं की लगेच निष्कर्ष काढायचा नाही, आधी तपासायचं. आणि तपासायचं ते फुकटच्या उपायापासून खर्चाच्या उपायाकडे, याच क्रमाने.

पहिलं काम: डेटा बाहेर काढा

दुरुस्ती नंतर. आधी टॅलीच्या बॅकअप पर्यायातून कंपनीचा बॅकअप घ्या. बिलं, ग्राहकांची यादी, फोटो हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि एक प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवा. कॉपी केलेली एखादी फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मशीन पुन्हा विकत मिळतं, तीन वर्षांची उधारीची वही मिळत नाही.

दुसरं काम: चार दिवस नोंद ठेवा

कधी अडकतो, किती वाजता, कोणतं काम चालू असताना, ते कागदावर लिहा. विंडोजच्या सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधा. कोणत्या दिवशी काय कोसळलं ते तारखेनुसार दिसेल. साधारण हिशेब असा:

- सकाळी नीट आणि दुपारी अचानक बंद: उष्णता किंवा वीज.
- माउस हलतो पण फाईल उघडत नाही: बहुतेक डिस्क.
- वेगवेगळ्या कामांत मधूनच निळी स्क्रीन: रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्क.
- रोज तारीख-वेळ चुकते, त्यामुळे वेबसाइट उघडत नाहीत: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. तो अगदी स्वस्तात बदलतो.

उष्णता: नागपूरकरांचा खास शत्रू

कॅबिनेटचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा आत फिरवतो. खोली 25 ऐवजी 40 अंशांवर असेल, तर आतले भागही साधारण 15 अंश जास्त तापणार. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात. तरीही तापत राहिले तर जळू नयेत म्हणून मशीन बंद होतं. म्हणजे जे आपल्याला ‘स्लो’ वाटतं, ते कधी कधी मशीनचं स्वतःला वाचवणं असतं.

काय करायचं? टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा. प्लग काढून, झाकण उघडून ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. मशीन बरंच जुनं असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या. आणि हो, कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका! ती हवा दमट असते, त्यात धूळ मिसळली की आत थर बसतो.

वीज

कूलरची मोटर आणि कम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नको. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं आणि कमजोर एसएमपीएस तेवढ्यातही मान टाकतो. कम्प्युटरसाठी वेगळा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि चालू बॅटरीचा यूपीएस ठेवा. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो.

डिस्क आणि रॅम

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. साधं काम करतानाही डिस्क सतत 100 टक्के दिसते? मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी लावणं हा बहुतेक वेळा सगळ्यात उपयोगी खर्च. मेमरी भरलेली दिसते? आधी स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद करा, मग रॅम वाढवा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर स्कॅन, डीफ्रॅग काहीही करू नका. डेटा निघालेला नसेल तर मशीन बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

फुकटात उतरवलेली क्रॅक सॉफ्टवेअर असतील तर काढून टाका आणि विंडोज सिक्युरिटीने पूर्ण स्कॅन करा. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे ही सवय फार महागात पडते.

मग नवा कधी घ्यायचा?

विंडोज 10 चा नियमित मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तुमचं मशीन विंडोज 11 घेत नसेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याजवळ जात असेल, तर खुशाल नवा घ्या. तेवढं नसेल तर सीताबर्डीत दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. पार्टची कंपनी, वॉरंटी आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. जुना पार्ट परत मागायला लाजू नका. डिस्क तर परत घ्याच, तिच्यावर तुमचा सगळा धंदा आहे.

आजचा गृहपाठ एकच: रात्री झोपण्याआधी बॅकअप. बाकीची तपासणी उद्या सकाळी, ऊन तापायच्या आत!